टिपूसभर वंगण

धुरीकाका तुम्हाला पहिल्यांदा भेटले तर नाव-गाव विचारणार नाहीत. आधी म्हणतील, "कोपर दाखवा बघू."

माणूस गोंधळतो आणि तळहात पुढे करतो. "हात नव्हे हो, कोपर! मी भविष्य नाय सांगत, वर्तमान सांगतो." मग ते तुमचा हात दुमडतात, चष्मा कपाळावर चढवतात, कोपरावरून अंगठा फिरवतात आणि निकाल देतात. कोपर पांढरट, खरखरीत असेल तर एकच शब्द: "वंगण!" जरा बरं असेल तर, "चालेल, पण कुरकुरेल." खरोखर मऊ कोपरं त्यांना आजवर दोनच सापडली. एक तिसऱ्या मजल्यावरच्या चार महिन्यांच्या बाळाचं. दुसरं नाक्यावरच्या तेलाच्या दुकानदाराचं, पण ते त्यांनी बाद केलं. "त्याचं वरून लागलेलं आहे. आतून आलेलं नाय."

आम्ही लालबागला राहतो. चाळ पाडून तिथे बावीस मजली टॉवर झाला, त्यातल्या खालच्या सात मजल्यांवर आम्ही जुने चाळकरी. वरच्या लोकांची दारं बंद असतात, आमची अजून उघडी. माझ्या दारासमोर धुरीकाकांचं दार. त्यामुळे माझ्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा कोपर तपासूनच आत येतो. कुरियरवाला तर आता पार्सल देण्याआधी बाही वर करूनच उभा राहतो.

सहाशे चारमध्ये मुलगी बघायला पाहुणे आले होते. काकांनी नवऱ्या मुलाला लिफ्टमध्येच गाठलं आणि मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "मुलगा चांगला आहे, पण कोपर कोरडं आहे. चिडका निघेल." लग्न झालं. मुलगा चिडका निघाला. काकांचा भाव तेव्हापासून वधारला.

काका परळच्या एका छापखान्यात पस्तीस वर्षं मशीनमन होते. रोज सकाळी लांब चोचीच्या तेलाच्या बुधलीने मशीनच्या सांध्यासांध्यात टिपूस टिपूस तेल सोडायचं, मग मशीन चालू. रिटायर झाल्यावर मशीन गेलं, माणसं उरली. "कोरडं मशीन आवाज करतं, कोरडा माणूस भांडण करतो," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी आवाज चढवला की काका मागून ओरडतात, "शेंगदाणे द्या रे त्याला!"

पण खरा धक्का आम्हाला कोपरांनी दिला नव्हता. तो दिला काकांनी, मासे सोडले तेव्हा.

धुरी म्हणजे अस्सल मालवणी. बांगडा ताज्या पाण्यातला की बर्फातला, हे जिन्यात वास घेऊन सांगणारा माणूस. त्यांनी एके दिवशी जाहीर केलं की यापुढे मासे नाहीत, मटण नाही, अंडं नाही, दूधही नाही. फक्त झाडाचं. कुणी विचारलं, कुठल्या बाबांची माळ घातली? कुणी म्हणालं, वरच्या मजल्यावरच्या लोकांची संगत लागली. काका शांतपणे म्हणाले, "बाबा नाय, बुवा नाय. झाडाचं खायचं ठरवलंय. पण झाडाचं म्हणजे काकडी-टोमॅटो नव्हे. त्यात वंगण पाहिजे."

त्याच सुमाराला सुमनकाकी, म्हणजे धुरीकाकांची बायको, मोठ्या आजारात होत्या. कॅन्सर झाला होता, केमो सुरू होती. सगळी बिल्डिंग शहाळी घेऊन आळीपाळीने त्यांना बघून आली होती. बायकोचं असं दुखणं आणि नवरा लोकांची कोपरं बघत फिरतोय, असं आम्ही बायका लिफ्टमध्ये बोलायचो. मीसुद्धा बोलले आहे. खोटं कशाला सांगू?

काकींची केमो संपल्यावर काही महिन्यांनी काकांची पहिली शिष्या माझ्याच घरात निघाली. माझी मुलगी ईशा कॉलेजात गेली आणि महिन्याभरात व्हीगन झाली. दूध बंद, दही बंद, तूप बंद. ती जे खायची त्याला मी जेवण म्हणणार नाही. उकडलेली भाजी, काकडी आणि वर बिस्किटं. दोन महिन्यांत पोरगी पांढरी पडली, केस गळायला लागले, आणि एकदा लिफ्टमध्ये चक्कर येऊन खाली बसली. तिला सावरायला लिफ्टमध्ये नेमके धुरीकाका होते. त्यांनी तिला घरी आणून सोफ्यावर टेकवलं, पाणी पाजलं, आणि ती डोळे उघडते न उघडते तोच तिचं कोपर बघितलं.

"अरेरे," काका म्हणाले. "हे कोपर नाय, हे खडू आहे."

मी ईशाला दादरच्या एका डाएटिशियनकडे घेऊन गेले. तिने रक्त तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की आहारात चांगली चरबी अजिबात नाही. मग एक गुळगुळीत कागद दिला. अवोकाडो, अक्रोड, चिया, बदामाचं बटर, ऑलिव्ह ऑइल. तो कागद घेऊन मी दादरच्या बाजारात गेले आणि अवोकाडोचा भाव ऐकून कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

घरी आले तर काका दारातच उभे. "काय म्हणाली बाई?"

मी कागद दाखवला. काकांनी तो भिंतीला लावला, कानावरची पेन्सिल काढली आणि छापखान्यात प्रूफ तपासावं तसं तपासायला लागले. "अवोकाडो" वर काट, बाजूला "शेंगदाणे". "चिया" वर काट, "जवस". ऑलिव्ह ऑइल खोडून "करडईचं तेल, घाण्याचं". बदामाचं बटर खोडून "तीळकूट". अक्रोडापाशी पेन्सिल जरा थांबली. "हे चांगलं असतं," ते म्हणाले. "दिवाळीला खा." मग सगळ्यात खाली त्यांनी स्वतःची भर घातली. "कारळे!!" दोन उद्गारचिन्हं देऊन.

"काका, ही डॉक्टरांची चिठ्ठी आहे."

"मजकूर तिचाच आहे गो. मी फक्त शुद्धलेखन केलं."

दुसऱ्या दिवशी मी घाबरत घाबरत तो कागद डाएटिशियनला दाखवला. तिने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, शेजारी आहेत, कोपरतज्ज्ञ. ती म्हणाली, "गोळ्या चालू ठेवा. बाकी हेच द्या."

मग सुरू झालं ईशाचं शिक्षण. काका तिला लालबागच्या मसाला गल्लीत घेऊन जात. तिथल्या कांडप मशीनवाल्याने मिरची सोडून दुसरं काही कांडायला नकार दिला, तेव्हा काकांनी त्याचं कोपर बघितलं आणि पुढच्या आठवड्यापासून मंगळवारी तो मशीन पुसून जवस दळून द्यायला लागला. काय बोलणं झालं, देव जाणे.

काकांचे नियम पक्के होते. जवस भाजायचे आणि दळायचेच. "अख्खं जवस म्हणजे घाईतला पाहुणा. आला तसा गेला. घरात काही ठेवून जात नाय." चटणी आठवड्यापुरतीच करायची, कारण "खवट वंगणाने मशीन चिकटतं." नारळाबद्दल मात्र त्यांचा आवाज हळवा व्हायचा. "नारळ आपला सोयरा. पण सोयऱ्याला रोज बोलवायचं नसतं." आणि सगळ्यात महत्त्वाचं, जास्त नाही. चमचाभर. ईशाने एकदा उत्साहाने वाटीभर शेंगदाण्याचं कूट खाल्लं, तेव्हा काका कडाडले, "वंगण घालायचं असतं! मशीन बुडवायचं नसतं!"

चार महिन्यांत ईशाच्या गालावर रंग आला. तिने स्वतःच्या कोपराचे आधीचे आणि नंतरचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. काका तेव्हापासून तिच्या कॉलेजात "एल्बो अंकल" म्हणून प्रसिद्ध आहेत.

हे सगळं एका घरापुरतं होतं तोवर ठीक होतं. पण मग आमच्या सोसायटीचं वार्षिक स्नेहसंमेलन आलं.

स्नेहसंमेलनाच्या जेवणावरून आमच्याकडे दरवर्षी भांडण होतं. यंदा अर्ध्यांना मटण हवं होतं, अर्ध्यांना चिकन बिर्याणी. तीन मीटिंगा झाल्या. तिसऱ्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी सावंत रडकुंडीला आले, तेव्हा काका उठले. त्यांनी निमंत्रणपत्रिकेचं प्रूफ वर धरलं.

"इथे काय छापलंय? स्नेह-संमेलन. स्नेह म्हणजे काय?"

"प्रेम," कुणीतरी म्हणालं.

"प्रेम नंतर! स्नेह म्हणजे आधी तेल. जुन्या शब्दकोशात बघा. पूर्वीच्या लोकांनी तेलाला आणि प्रेमाला एकच शब्द ठेवला, कारण दोन्हीचं काम एकच. घासाघास कमी करायची. तुम्ही स्नेहाच्या नावाने संमेलन भरवता आणि भांडता कोंबडीवरून? यंदा तीळ-जवसाचं जेवण ठेवा."

मटणवाल्यांनी विचार केला की आपलं नाही झालं तरी चिकनवाल्यांचंही होत नाही. चिकनवाल्यांनीही तोच विचार केला. ठराव एकमताने मंजूर झाला. काकांना वाटलं आपला शब्द पटला.

स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी गच्चीवर पंगत बसली. ज्वारीच्या भाकऱ्या, दाण्याची आमटी, तिळाच्या कुटातली भरली वांगी, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी आणि शेवटी तीळगुळाचा लाडू. काका हातात लांब चोचीची बुधली घेऊन पंगतीतून फिरत होते आणि प्रत्येकाच्या चटणीत खळगा करून करडईच्या तेलाचा एकेक टिपूस सोडत होते. लोक ताट मागे ओढत होते आणि काका ओरडत होते, "नवी कोरी आहे हो! मशीनची नव्हे!"

प्रमुख पाहुणे होते एक माजी नगरसेवक. त्यांना बिर्याणी मिळेल असं कुणीतरी सांगितलं होतं. ते भाकरीकडे बघत बसले. मग भूक लागली म्हणून कारळ्याची चटणी चाखली आणि गंमत म्हणजे त्यांना ती भलतीच आवडली. तीनदा मागून घेतली. काकांचं नाव विचारलं. काकांनी नाव सांगायच्या आधी त्यांचं कोपर मागितलं. पांढरी कडक बाही, सोन्याचं कडं, सगळं वर सारून पाहुण्यांनी स्टेजवर कोपर पुढे केलं. काकांनी माईकवर निकाल दिला. "निवडणुकीच्या आधी दुरुस्त होईल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग पाहुणे भाषणाला उठले, प्रसन्न हसले, आणि सगळी गच्ची गार पडली.

कारळ्याची चटणी काळीकुट्ट असते. दातांत बसते. पाहुण्यांच्या तोंडात एकही पांढरा दात दिसत नव्हता. ते विकासाबद्दल बोलत होते आणि पहिल्या रांगेतली मुलं आयांच्या कुशीत तोंड लपवत होती. लोकांना हसू फुटलं, तर त्यांचेही दात काळे. दोनशे माणसं काळ्या दातांनी एकमेकांना हसत होती. फोटोग्राफरने त्याच क्षणी ग्रुप फोटो काढला. तो फोटो आज आमच्या लॉबीत लावलेला आहे. बाविसाव्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणतात, तो बघून त्यांच्याकडे येणारा भाडेकरू परत गेला. पण हेही खरं की मटणवाले आणि चिकनवाले त्या दिवसापासून बोलायला लागले.

त्यानंतर महिन्याभराने मी गिरगावात मावशीकडे गेले होते. परत येताना जवळच्या छोट्या मासळी बाजारात शिरले, आणि एका कोळणीच्या पाटीसमोर धुरीकाका उकिडवे बसलेले दिसले.

त्यांच्या हातात सुरमई होती. तिचा कल्ला उचलून ते आत बघत होते. "ही कालची," ते कोळणीला म्हणाले. "ती डावीकडची आजची. आजची वर लाव."

मला आधी आनंद झाला. असा आनंद चोर पकडल्यावरच होतो. "काका!" मी म्हटलं.

काका इतके दचकले की सुरमई हातातून निसटून पाटीत पडली. घाबरले की ते पूर्ण मालवणीत जातात. "खाणंय नाय गो मी! देवाशपथ. नुसतो वास घेवक येतंय."

कोळीण हसली. "खरं बोलतायत. दर रविवारी येतात. एक मासा घेत नाहीत. पण माल निवडून देतात, म्हणून मी बसू देते."

तिने एक रिकामा क्रेट उलटा करून दिला. काका त्यावर बसले. मग म्हणाले, "सुमनला सांगू नको."

"नाही सांगणार. पण हे काय आहे?"

"केमोत तिला मासळीचा वास सोसायचा नाय. शेजारच्या मजल्यावर कुणी तळलं तरी बेसिनकडे धावायची. मासे नको, अंडं नको, दूध नको. ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. डॉक्टर म्हणाले, काहीही करा, पण दोन घास ताकदीचे पोटात गेले पाहिजेत. बदाम-अक्रोड आणले. ते परवडेनात, आणि तिला चावतही नव्हते, तोंड सोललेलं. मग मी एकेक गोष्ट वाटून बघायला लागलो. शेंगदाणे दिले, ओकली. तीळ दिले, नको म्हणाली. एक दिवस जवस बारीक दळून मऊ भातात कालवले, वर टिपूसभर तेल सोडलं. चार घास गेले." काकांनी चार बोटं दाखवली. "चार. मी नळ सोडून बाथरूममध्ये रडलो."

"पण तुम्ही कशाला सोडलेत मासे? बाहेर खायचे."

"बाहेर खाल्ले तरी घरी वास गेला असता. आणि माझं जेवण बाहेर झालं तर ती एकटी जेवली असती. एकटं माणूस एक घास कमी खातं."

मला जे विचारायचं होतं ते विचारायची लाज वाटत होती, पण विचारलं. "आणि हे कोपरं बघणं वगैरे? ते कशाला?"

काका पाटीतल्या बर्फाकडे बघत म्हणाले, "लोक तिला बघायला यायचे ना. शहाळं ठेवायचे आणि हळूच तिच्या डोक्याकडे बघायचे. केस गेलेले. ती पदर ओढून घ्यायची. माणसं वाईट नव्हती गो. पण बघायची. एकदा सावंत आला आणि असाच बघत बसला. मला काय सुचलं कोण जाणे, मी त्याला म्हटलं, कोपर दाखव. तो असा गडबडला की तिच्याकडे बघायचं विसरला. खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं, धुरी सटकला. दुसऱ्या दिवसापासून लोक मला बघायला येऊ लागले."

लिफ्टमधलं माझं बोलणं मला आठवत होतं. मी बांगडे घेतले. काकांनी ते निवडून दिले, एकेक, पोट दाबून, डोळे बघून. मग त्यांनी कोळणीकडून लिंबाची फोड घेतली, बोटं चोळचोळून धुतली आणि वास घेऊन बघितला.

घरी येऊन मी त्या बांगड्यांचं तिखलं करायला ठेवलं. त्रिफळं घातली, आणि रस्सा उकळायला लागला तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर सुमनकाकी. हातात रिकामी वाटी. "साखर संपली गो."

मी धावत जाऊन स्वयंपाकघराचं दार लावलं, पंखा मोठा केला, खिडकी उघडली. "सॉरी काकी, मला माहीत नव्हतं तुम्ही येणार, वास..."

"दार कशाला लावलंस?" काकी म्हणाल्या. त्यांनी ते उघडलं, आत आल्या आणि टोपावरचं झाकण उचलून डोळे मिटले. "तिखलं. त्रिफळं जरा कमी पडलीत."

मी पंखा बारीक केला.

"वर्ष झालं मला वास सोसतो त्याला," काकी हळूच म्हणाल्या. "नुसता सोसत नाही, स्वप्नात येतो."

"मग काकांना सांगा ना! ते आत्ता जाऊन आणतील!" गिरगावचं सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मी शब्द दिला होता.

"आणतीलच. पळत जाऊन आणतील." काकींनी वाटी ओट्यावर ठेवली. "आणि मग दुसऱ्या दिवशी काय करतील? रिटायर झाल्यावर हा माणूस दिवसभर खिडकीत बसून असायचा. विचारलं तर म्हणायचा, माझं काही काम उरलं नाही. आता पहाटे उठून तीळ निवडतो. तुझ्या ईशाला शिकवतो. लोक जिन्यात थांबवून काय काय विचारतात त्यांना. मी मासा मागितला तर त्यांना वाटेल, काम झालं. राहू दे. मला काय, चटणी अंगाला लागते आहे."

मी एक बांगडा बशीत काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्या नको म्हणाल्या नाहीत. ओट्याशी उभ्या राहूनच त्यांनी तो खाल्ला. काटे इतके स्वच्छ केले की कंगव्यासारखे दिसायला लागले. बोटं चाटली. नवे आलेले केस कपाळावरून मागे सारले.

समोरच्या दारातून काकांची हाक आली. "सुमन, जेवक ये गो! मी थांबलंय!"

"इलंय!" काकींनी ओरडून सांगितलं, चूळ भरली आणि साबणाने हात धुतले. साखरेची वाटी रिकामीच राहिली होती, ती मी भरून दिली.

दारात थांबून त्या वळल्या. "आता पुन्हा जेवते," त्या म्हणाल्या. "वजन वाढलं की म्हणतील, जवसाने वाढलं."

"म्हणू देत."

"म्हणू देत," काकी म्हणाल्या आणि समोरच्या घरात गेल्या. दार उघडंच होतं. जमिनीवर दोन ताटं वाढून ठेवलेली होती आणि काका दोन्हींवर हाताने माश्या वारत बसले होते.